गाडीचा जन्मदाखला

जग्वार ई-टाइप ही गाडी मी प्रत्यक्षात कधी पाहिलेली नाही. पण तिचे फोटो इतके पाहिलेत की अंधारात नुसता हात फिरवूनही ओळखीन असं वाटतं. हे भलंमोठं लांब नाक, काचेआड बसवलेले दिवे, आणि पार मागे सरकवलेली दोन माणसांपुरती केबिन. आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा दादाच्या वाट्याला शेती आली आणि माझ्या वाट्याला गाड्यांचं वेड आलं, असं आई म्हणते. ते बरोबरच आहे. फक्त शेतीतून निदान ऊस तरी निघतो.

तर, ई-टाइप. ज्यांना या भानगडीत रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'ग्रँड टूरिंग' हा शब्द ऐकायला भारदस्त असला तरी अर्थ साधा आहे. दोन माणसं, थोडं सामान, आणि एका दमात गाठायचा लांबचा पल्ला. शर्यतीच्या गाडीसारखी पळेल, पण उतरल्यावर कंबर धरून बसावं लागणार नाही अशी गाडी. मूळ शब्द इटालियन, पण इंग्रजांनी या प्रकारात जे काही करून ठेवलंय त्याला तोड नाही.

१५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात जग्वारने ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आणली. कंपनीचा बॉब बेरी नावाचा माणूस ती इंग्लंडहून स्वतः चालवत घेऊन आला आणि कार्यक्रम सुरू व्हायला थोडीच मिनिटं असताना पोचला. गाडी पाहून लोक वेडे झाले. प्रत्येकाला एक चक्कर मारायची होती आणि गाडी पुरेना. मग कोव्हेंट्रीत नॉर्मन ड्यूईस या चाचणी-चालकाला निरोप गेला, हातातलं सगळं टाक आणि उघड्या टपाची दुसरी गाडी घेऊन ये. गडी संध्याकाळी निघाला आणि रात्रभर चालवून सकाळी जिनिव्हात हजर! मला या गाडीच्या सगळ्या कौतुकात हीच गोष्ट सर्वात जास्त आवडते. जाहिरातीत सांगितलेलं काम तिने जाहिरातीच्या आदल्या रात्रीच करून दाखवलं होतं.

३.८ लिटरचं इंजिन, २६५ अश्वशक्ती, ताशी १५० मैलांचा दावा (म्हणजे सुमारे २४० किलोमीटर). किंमत दोन हजार पौंडांच्या आसपास. एवढी पळणाऱ्या दुसऱ्या गाड्यांना तेव्हा याच्या दुप्पट मोजावे लागत. पुढच्या तेराएक वर्षांत बहात्तर हजारांहून जास्त ई-टाइप बनल्या. १९९६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने एक निळी ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. गाडीची मूर्ती झाली ती अशी.

आणि मूर्ती झाली की दक्षिणा आलीच.

२०१७ साली जग्वारने स्वतःच जुन्या ई-टाइप शोधून, पार सांगाड्यापर्यंत उघडून, मूळ नोंदींबरहुकूम पुन्हा उभ्या करून संग्राहकांना विकायला काढल्या. या योजनेला त्यांनी नाव दिलं 'पुनर्जन्म' या अर्थाचं. किंमत २,८५,००० पौंडांपासून पुढे. यात गंमत अशी की २ जून २००८ पासून जग्वार टाटांची आहे. फोर्डकडून लँड रोव्हरसकट २३० कोटी डॉलर्सना घेतली. म्हणजे ही सगळ्यात इंग्रज गाडी जगभरच्या शौकिनांना विकणाऱ्या दुकानाचा मालक मुंबईत बसतो, आणि त्याच मालकाच्या पिंपरीच्या कारखान्यात आमच्या बारामती-इंदापूरकडची कितीतरी पोरं कामाला आहेत.

पण मला खरं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १९६३ साली जग्वारने शर्यतीसाठी ई-टाइपचा एक हलका, अॅल्युमिनियमचा प्रकार काढला होता. त्यासाठी १८ चासी नंबर राखून ठेवले, पण गाड्या बनल्या १२. सहा नंबर वहीत तसेच पडून राहिले. २०१४ मध्ये कंपनीने ती वही उघडली आणि उरलेल्या सहा नंबरांच्या सहा गाड्या बनवल्या! कोऱ्या करकरीत, पण नंबर १९६३ चे. पुढे डी-टाइपचंही तेच. शंभर ठरवल्या होत्या, पंचाहत्तर झाल्या, राहिलेल्या पंचवीस २०१८ पासून बनवायला घेतल्या. अॅस्टन मार्टिननेही आपल्या डीबी५ या प्रसिद्ध ग्रँड टूररच्या, जेम्स बाँडच्या सिनेमातल्या करामतींसकट, पंचवीस नव्या गाड्या गिऱ्हाइकांसाठी काढल्या. एकेकीची किंमत साडेसत्तावीस लाख पौंड, कर वेगळा. आणि ती रस्त्यावर चालवायला परवानगी नाही.

रस्त्यावर चालवायची नाही अशी ग्रँड टूरिंग गाडी! हे वाचून मी खूप वेळ हसत होते. मग हसू थांबलं, कारण आमच्या सणसरच्या वस्तीवरची गोष्ट आठवली.

बारामतीहून इंदापूरला जाताना काटेवाडी मागे पडली, भवानीनगरचा साखर कारखाना आला की आमचा भाग सुरू होतो. तिथे आमच्या वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, नानांची अँबॅसिडर उभी असायची. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. आता अँबॅसिडर म्हटलं की आपल्याला ती पांढऱ्या टोपीसारखी देशी वाटते, पण तीही मूळची इंग्रजच. मॉरिस ऑक्सफर्ड नावाच्या गाडीचा तिसरा अवतार १९५७ च्या सुमारास इकडे आला, नाव बदललं आणि बंगालात उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत राहिला. एवढंच काय, १९६६ साली जग्वार आणि मॉरिसची मालक कंपनी एक झाल्या. म्हणजे नात्यागोत्याने पाहिलं तर ई-टाइप आणि अँबॅसिडर चुलत बहिणीच लागतात. एक लंडनात शिकली, एक ऊसपट्ट्यात दिली.

नानांची गाडी १९७४ ची. बारामतीच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती ऐंशीच्या दशकात जुनीच घेतली. त्या काळात आमच्याकडे पांढरी अँबॅसिडर म्हणजे चेअरमनची गाडी. नाना कशाचेच चेअरमन नव्हते. त्यामुळे ज्या गावातून गाडी जाईल तिथे लोक आधी उठून उभे राहायचे आणि आत नानांना बघून परत बसायचे. नानांना हे फार आवडायचं.

स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सलग बाक. पुढे तीन, मागे चार, मांडीवरची पोरं मोजायची नाहीत. आमचं ग्रँड टूरिंग ते हेच. पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी, कोल्हापूर. डिकीत पिठल्या-भाकरीचा डबा आणि पाण्याची कळशी. कळशी निम्मी माणसांसाठी, निम्मी रेडिएटरसाठी. माझा जन्म बारामतीच्या दवाखान्यात झाला. आईला तिथे नेलं याच गाडीने, आणि मला वस्तीवर आणलं तेही हिनेच. वस्तीवरच्या कितीतरी जणांची हीच कथा. रात्री-अपरात्री कुणी दार वाजवलं की नाना आधी किल्ली घ्यायचे, मग विचारायचे काय झालं म्हणून.

आषाढी एकादशीच्या आधी तुकोबांची पालखी आमच्या रस्त्याने जाते. बारामतीचा मुक्काम झाला की काटेवाडीला परटांची धोतरं अंथरलेली असतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, मग मुक्कामाला सणसर, पुढे बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. त्या दोन दिवसांत नानांची गाडी वारकऱ्यांची. कुणाच्या पायाला फोड, कुणाला ताप, कुणाची म्हातारी दिंडीतून चुकलेली. या गाडीने वारी किती केली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण ती आयुष्यात सगळ्यात हळू चालली असेल ती याच दोन दिवसांत.

मूळ पेट्रोल इंजिन पुढे परवडेना. एक तर ते तेल पीत होतं आणि पेट्रोलचा दर वर जात होता. मग नव्वदच्या आसपास नानांनी त्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा अनेकांनी बसवलं. पण ते अँबॅसिडरच्या बेचक्यात नीट बसण्यासाठी ज्या पट्ट्या आणि पाय लागतात, ते घडवले वालचंदनगरच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या एका फिटरकाकांनी. वालचंदनगर आमच्या तालुक्यातलंच. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी करून हिंदुस्थानात मोटार बनवायचा ध्यास घेतला, त्यांच्या नावाचं गाव. तिथे साखर कारखान्यांच्या अजस्र यंत्रांपासून पुढे अवकाशयानांच्या भागांपर्यंत काय काय घडलं. त्या हातांना अँबॅसिडरचे चार पाय घडवणं म्हणजे पोरखेळ. काकांनी मजुरी घेतली नाही. मुलीच्या लग्नात गाडी पाहिजे एवढंच म्हणाले. इंजिन बदलल्याची नोंद नानांनी आरसी बुकात रीतसर करून घेतली.

नंतर यथावकाश टाटांची इंडिका आली, मग बोलेरो आली, आणि अँबॅसिडर शेडमध्ये गेली. नाना महिन्यातून एकदा तिला सुरू करायचे, वस्तीला एक चक्कर मारायचे आणि परत आत लावायचे. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि चक्कर थांबली.

दोन वर्षांपूर्वी दादाला शेड हवी होती, नव्या ट्रॅक्टरसाठी. मागणी चुकीची नव्हती. पण गाडीचं काय करायचं यावर घरात पंधरा दिवस कुणी नीट जेवलं नाही. भंगारात द्यायची हा शब्द काढायची कुणाची हिंमत नव्हती. शेवटी मीच पुण्यातल्या एका शौकिनांना गाठलं. जुन्या अँबॅसिडर गोळा करून, मूळ रूपात आणून, प्रदर्शनांत नेणारे गृहस्थ. पन्नास वर्षांची गाडी म्हटल्यावर ते लगेच आले.

तोवर मी नियम वाचून ठेवले होते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला पाच हजार, आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या कामाला गाडी काढायची नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरती काढायची. मला वाटलं, चला, नानांच्या गाडीला पेन्शन लागली.

गृहस्थ मोठ्या मायेने गाडीभोवती फिरले. ग्रिल बघितली, दरवाजे बघितले, चासी नंबर पुसून वाचला. मग बॉनेट उघडलं आणि गप्प झाले.

"काका, इंजिन ओरिजिनल नाहीये?"

"ओरिजिनल हाय की," नाना म्हणाले. "मॅटाडोरचं ओरिजिनल हाय."

गृहस्थ हसले, पण त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी समजावून सांगितलं. संग्राहकाला चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही कारखान्यातून निघाले तेव्हाचे जुळलेले लागतात. आणि सरकारी नियमही तेच म्हणतो, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झाला असेल तर ती गाडी 'व्हिंटेज' नाही. पन्नास वर्षं झाली असली तरी नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यास्नी गाडी नकु हाय बाय. त्यास्नी गाडीचा जन्मदाखला पायजे."

मला त्या गृहस्थांचा राग आला नाही, अजूनही नाही. ते जे करतात त्याला मोल आहे. कुणीतरी वस्तू जशीच्या तशी जपली नाही, तर ती मुळात कशी होती हे पुढच्यांना कळणार कसं? ई-टाइपचं ते लांब नाक कुणीतरी जसंच्या तसं ठेवलं म्हणून मला त्याचं वेड लागू शकलं. नियमालाही कारण आहे. इंजिन बदललेल्या गाड्यांना सूट दिली तर उद्या कुणीही काहीही जुनं म्हणून रस्त्यावर आणील.

पण हिशेब मांडून बघा. कोव्हेंट्रीत २०१४ साली बनवलेल्या गाडीला १९६३ चा नंबर मिळतो आणि जग तिला त्याच घराण्यातली मानतं. सणसरला १९७४ पासून पळालेल्या गाडीला सांगितलं जातं की तू ती नव्हेस. एकीने कागद सांभाळला, दुसरीने माणसं सांभाळली. पुनर्जन्म घेतलेल्या ई-टाइपमध्येही कुजलेला भाग काढून नवीन बसवतातच की. फरक इतकाच, तो बसवण्याचा अधिकार कंपनीचा. वालचंदनगरच्या फिटरकाकांनी बसवलेल्या भागाला तो मान नाही, मग ते काम कितीही चोख असो.

आपल्याकडे वस्तू 'तीच' कधी राहते याचं माप निराळं आहे, असं मला त्यानंतर वाटायला लागलं. आमच्या दारावरून पालखी जाते, तिच्या रथाला बैलजोडी दरवर्षी नवी निवडतात. खांदेकरी बदलतात, विणेकरी बदलतात, डांबरी रस्ता जाऊन काँक्रीटचा महामार्ग झाला. सोळाशे पंच्याऐंशीपासून चालत आलेली पालखी तीच आहे की नाही, असं काटेवाडीच्या एखाद्या मेंढपाळाला विचारून बघा. तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल, त्याच नजरेने नाना त्या दिवशी बॉनेटकडे बघत होते. चालतेय ना? मग तीच आहे.

असो. गाडीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं.

गृहस्थ निघताना थांबले. जरा संकोचाने म्हणाले, माझ्याकडे एक अँबॅसिडर आहे, इंजिन मूळचं आहे पण दरवाजे गंजून गेलेत, ग्रिल मिळत नाही. तुमचे मिळाले तर... किंमत त्यांनी चांगली सांगितली. घरात पुन्हा सगळे गप्प. मला वाटलं नाना आता चिडणार. त्यांनी काकीकडे बघितलं, मग म्हणाले, "न्या. कुनाची तरी पुरी हू दे."

आठवड्याने दोन मुलं येऊन दरवाजे, ग्रिल, बंपर, मीटर आणि गिअरचा दांडा उतरवून घेऊन गेली. नाना खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि कुठला नट उलटा फिरतो ते सांगत होते. राहिलेला सांगाडा दादाने इंदापूरला पाठवला. भंगार हा शब्द तेव्हाही कुणी उच्चारला नाही.

आणि मॅटाडोरचं इंजिन? ते कुणालाच नको होतं, म्हणून ते घरी राहिलं. दादाने ते लोखंडी चौकटीवर बसवून शेततळ्यावरच्या पंपाला जोडलंय. फिटरकाकांचे तेच पाय चौकटीला लावलेत, ते बरोबर बसले. वीज गेली की ते सुरू करतात आणि उसाला पाणी जातं. आवाज अगदी तोच आहे. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा काकी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "कोण आलं?"

२०२५ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्या वैयक्तिक वापरासाठी परदेशातून आणायला मोकळीक दिली. आधी १९५० पूर्वीच्याच आणता यायच्या. शेवटच्या ई-टाइपही आता पन्नाशीपार गेल्यात, तेव्हा ज्याच्याकडे पैसा आणि वरचं भरभक्कम आयातशुल्क भरायची तयारी आहे, त्याला ही गाडी आणता येईल. कुणी आणलीच तर माझं एक मागणं आहे. काचेच्या खोलीत ठेवू नका हो. एखाद्या रात्री पुण्याहून काढा, पाटसला वळा, बारामती, सणसर, इंदापूर करत पंढरपूरपर्यंत जा आणि उजाडायच्या आत पोचा. ती गाडी त्यासाठीच जन्माला आली होती.

आणि पुण्यात कधी एखाद्या प्रदर्शनात तुम्हाला झकास पांढरी अँबॅसिडर दिसली, कागद अगदी चोख, दोन्ही नंबर जुळणारे, तर मागचा डावा दरवाजा उघडून बघा. हँडल आधी जरा वर उचलायचं, मग ओढायचं, तरच तो उघडतो. नानांनी त्या गृहस्थांना हे सांगून ठेवलंय.